शंभर वॅट आणि ताईचा गळा

तुम्ही शेवटचा जो हेवी मेटल संगीताचा कार्यक्रम ऐकलात, त्यात गाणाऱ्याने काय म्हटलं ते तुम्हाला सांगता येईल का? एखादी ओळ? निदान चार शब्द? मेटल ऐकत नसाल तर तुमच्या चौकातल्या मंडपासमोरची शेवटची संध्याकाळ आठवा. आवाज खूप होता, छाती हलत होती, हे तुम्ही सांगाल. कोण काय म्हणत होतं, ते सांगता येणार नाही. हा प्रश्न मी कुतूहलाने विचारत नाही. रागाने विचारतो आहे.

आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं ढीगभर होती. वडील सातपूरच्या एका कारखान्यात कामाला होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. संध्याकाळी मी आणि माझी मोठी बहीण जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. अंगठ्याच्या नखाने दुमड दाबायची. शाई ओली असली की बोटं काळी व्हायची आणि भाकरीला तोच वास लागायचा. वडिलांची एक पद्धत होती. पत्रक छापायला देण्याआधी ते बाहेरच्या खोलीत उभे राहून मोठ्याने वाचायचे आणि आईने स्वयंपाकघरातून, कुकरच्या शिट्टीतून, काय ऐकू आलं ते सांगायचं. आईला कळलं नाही तर वाक्य चुकलं. आईचं लक्ष नव्हतं, असं म्हणायची सोय नव्हती. शिफ्ट सुटलेला माणूस बस पकडायला पळत असतो, त्याने थांबून तुमचं वाक्य सोडवत बसावं अशी अपेक्षा ठेवणारा माणूस स्वतःसाठी लिहितो, असं ते म्हणत.

ताईने हे माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. ती आता अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. प्रेस मशिनच्या लाइनवर उभं राहून पुढच्या माणसाला हाक द्यायचं काम तिच्याकडे आहे: माल आला, थांबा, हात काढा. मशिनच्या धडधडीवरून जाणारा आवाज म्हणून तिला तिथे उभं केलं आहे. आणि आमच्या बँडमध्ये ती गाते. गाणी तीच लिहिते, मराठीत. कंत्राटी माणसांबद्दलचं तिचं एक गाणं आहे, त्यात एक ओळ येते: ‘गेटवर माझं नाव नाही, मशिनीत माझं बोट आहे.’ ही ओळ तिने घरात पहिल्यांदा म्हणून दाखवली तेव्हा वडील उठून गॅलरीत गेले होते.

बँडमध्ये आम्ही चौघं. ताई, बास गिटारवर मी, नाशिकरोडचा एक ड्रमर आणि कॉलेज रोडला राहणारा आमचा लीड गिटारवाला. त्याला सगळे लीडच म्हणतात. माणूस वाईट नाही. बोटं तर फार चांगली आहेत त्याची. पण त्याला एक वेड आहे, आणि ते त्याच्या एकट्याचं नाही, म्हणून मी लिहायला बसलो आहे.

वेड अ‍ॅम्पचं. इलेक्ट्रिक गिटारची तार नुसती छेडली तर तिचा आवाज कंगव्याच्या दात्यांवर नख फिरवल्याएवढा येतो. तिला मोठं करतो तो अ‍ॅम्प. मेटलसाठीच्या अ‍ॅम्पला गेन नावाचं एक बटण असतं. ते फिरवत गेलं की सूर नुसता मोठा होत नाही, तो फाटतो, खरखरतो, दात दाखवतो. त्या फाटण्याच्या प्रकाराला आमच्यात टोन म्हणतात आणि त्या टोनसाठी शहाणी माणसं आयुष्य घालवतात. लीड रोज व्हिडिओ बघायचा. दोन अ‍ॅम्प शेजारी ठेवलेले, मधे एक दाढीवाला, तीच चार सुरांची ओळ आधी याच्यावर, मग त्याच्यावर. खाली शेकडो लोक भांडतायत. त्याने पाठवलेले असले व्हिडिओ मीही ढिगाने बघितले. सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते. तो माणूस खोलीत एकटा असतो. ड्रम नाही, बास नाही, तोंड उघडून काही म्हणायचं असलेला दुसरा माणूस तर नाहीच.

गेल्या वर्षी ताईचा आवाज संध्याकाळपर्यंत बसायला लागला. आधी आम्ही हळद-दूध केलं, मग ज्येष्ठमध, मग शरणपूर रोडवरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी नळी घालून पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूंवर दोन बारीक गाठी. ओरडून होतात. काही आठवडे पूर्ण गप्प राहायचं आणि नंतर बोललं, गायलं तरी चालेल, पण ओरडायचं नाही. ओरडत राहिली तर गाठी घट्ट होतील, कापाव्या लागतील, आणि त्यानंतर येणारा आवाज हाच असेल अशी खात्री कोणी देणार नाही. ताईने खुणेने विचारलं, काम? डॉक्टर म्हणाल्या, कामावर कोणाला तरी सांगून दुसरीकडे बदली घ्या. डॉक्टर भल्या होत्या, पण कंत्राटी माणूस बदली कोणाकडे मागतो ते त्यांना माहीत नव्हतं. ताईने आजारी असल्याचं कळवून सुट्टी काढली. पगार कापला गेला, पण निदान जागा राहिली. आवाज गेला असता तर जागाही गेली असती. एका गळ्यावर तिचं गाणं आणि तिची नोकरी, दोन्ही टांगलेली होती.

त्या दिवसांत घरात ती चमच्याने ताटावर वाजवून बोलायची. एकदा वाजवलं तर हो, दोनदा नाही, आणि सलग वाजवलं तर बारक्या, गप्प बस. आई म्हणायची, तोंड बंद असून ही आधीपेक्षा जास्त भांडते.

लीडला हे कळल्यावर तो घरी आला, सफरचंदं घेऊन. आणि म्हणाला की आता चांगला अ‍ॅम्प घ्यायलाच हवा. आपला जुना अ‍ॅम्प गढूळ आहे, म्हणून ताईला ओरडावं लागतं. नवीन स्वच्छ असेल. ऐकायला पटण्यासारखं होतं. ताईने ताटावर एकदा वाजवलं.

सातपूरला आमची तालीम एका बंद पडलेल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये चालते. शेडच्या मालकीण शेजारच्याच दोन खोल्यांत राहतात. त्या निफाडकडच्या, आम्ही त्यांना मावशी म्हणतो. ताई परत गायला लागली त्याच सुमाराला, एका सुट्टीच्या दिवशी, लीडने तीन अ‍ॅम्प तिथे जमवले. एक ब्रिटिश घडणीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा, शंभर वॅटचा, मित्राकडून मागून आणलेला, उचलायला दोघं लागले. दुसरा अमेरिकन पद्धतीचा, तोही तितकाच जड, त्याचा खालचा आवाज असा की पत्र्याचे बोल्ट वाजायला लागले. तिसरा आमचाच जुना, इथेच बनलेला, ट्रान्झिस्टरचा, ज्याच्या जाळीला ड्रमरने सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली होती.

आणि मग त्याने आम्हाला बाहेर जायला सांगितलं. टोन नीट ऐकायचा तर बाकी काही नको, म्हणाला. गाण्याचं नंतर बघू.

जिच्या गळ्यासाठी नवा अ‍ॅम्प घ्यायचा, ती बाहेर मावशींच्या ओट्यावर बसली होती आणि आत तिच्याशिवाय अ‍ॅम्प निवडला जात होता. मला तेव्हाच दार लाथेने उघडावंसं वाटलं. तिने माझा शर्ट धरून खाली बसवलं.

त्याने तीनही वाजवले. ऐकताना मला कळत होतं की प्रत्येकाचा व्हॉल्यूम वेगळा आहे. आमचा जुना हळू लावलेला, ब्रिटिश थोडा चढा, अमेरिकन असा की मावशींच्या खिडकीतली बरणी सरकली. बाहेर येऊन त्याने निकाल दिला. अर्थात अमेरिकन. ‘भिंत आहे रे ती, नुसती भिंत,’ तो म्हणाला.

मी म्हटलं, तू टोन नाही निवडला, तू मोठा आवाज निवडला. कोणतीही वस्तू दुसरीपेक्षा मोठ्याने लावली की चांगली वाटते, दुकानदार हेच करून विकतात. त्यावर तो हसला. ‘मेटल आहे हे. भजन नाही.’

हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलं आहे की आता ते ऐकताच माझे कान तापतात. मोठ्या आवाजाशी माझं भांडण नाही. बासची जाड तार पोटात वाजते तेव्हा मला जिवंत वाटतं. मला चीड आहे ती वेगळ्या गोष्टीची. एक माणूस स्वतःचा आवाज वाढवतो, दुसऱ्याने तो भेदून ओरडावं अशी अपेक्षा धरतो, आणि तिचा गळा फाटला की त्याला या संगीताचा स्वभाव म्हणतो. कारखान्यातही हेच ऐकतो आम्ही. मशिन मोठं आहे, काम असंच असतं.

मी म्हटलं, आता माझ्या पद्धतीने. तीनही अ‍ॅम्प आवाजाच्या एकाच पातळीवर, मोबाइलवर मोजून. सगळे एकत्र वाजवायचं. ताई गाणार, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या आवाजात, त्यापलीकडे नाही. आणि मावशी ओट्यावर बसून काय ऐकू आलं ते सांगणार. मावशी मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, बसलीच हाय मी, तुमचं चालू द्या. ड्रमरने न सांगता स्नेअरवर, त्याच्या सगळ्यांत कडक वाजणाऱ्या ड्रमवर, जाड पंचा टाकला. त्याचं मी इथे मुद्दाम लिहितो, कारण कोणी लिहिणार नाही.

पहिल्यांदा अमेरिकन, लीडने लावलेल्या बटणांवर. गेन पूर्ण, मधले सूर जवळजवळ शून्य, बास आणि ट्रेबल, म्हणजे खालचे आणि वरचे सूर, चढवलेले. एकटा वाजताना राक्षस वाटलेला अ‍ॅम्प आम्ही वाजवायला लागताच नाहीसा झाला. खालची जागा माझ्या बासची, वरची झांजांची, आणि गिटारने आपली स्वतःची मधली जागा आपल्याच हाताने कापून टाकलेली. उरला तो फक्त पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा फसफसाट, आणि त्या फसफसाटात ताईचे स, श, त, च सगळे बुडाले. लीडला स्वतःचं वाजवणं ऐकू येईना, म्हणून त्याचा हात व्हॉल्यूमकडे गेला. तो हात मी पकडला. वर्षभर नेमकं हेच चाललं होतं. त्याला ऐकू आलं नाही की तो वाढवायचा, मग मी, मग ड्रमर, आणि सगळ्यांच्या वर जायला ताईकडे एकच वस्तू होती.

गाणं संपल्यावर मावशींना विचारलं, काय कळलं?

‘पोरगी वरडती ते कळलं.’ मग मेथीची काडी बाजूला टाकून त्यांनी विचारलं, ‘इंग्लिश हाय ना ते?’

वर्षभर त्या पत्र्याच्या एका बाजूला आम्ही आणि दुसऱ्या बाजूला त्या. ताई इतकी हसली की मीच घाबरलो, म्हटलं घसा सांभाळ. मला हसू आलं नाही.

ब्रिटिश लावला, आमचा जुना लावला, तेच. लीड म्हणाला, मला इथे गुळगुळीत ऐकू येतं, म्हणून मी धार वाढवतो. तेव्हा माझं लक्ष स्पीकरच्या पेटीकडे गेलं. ती जमिनीवर होती. आवाज त्याच्या पोटऱ्यांमधून निघून सरळ समोर उभ्या असलेल्या ताईच्या डोक्यावर आदळत होता. त्याला त्यातली धार कधी ऐकूच आली नव्हती. शेडच्या कोपऱ्यात मावशींच्या भावाची द्राक्षांची रिकामी प्लास्टिक क्रेटं रचलेली होती. त्यांवर फळी टाकून आम्ही पेटी त्याच्या कानाच्या उंचीला चढवली आणि म्हटलं, वाजव. त्याने एक ओळ वाजवली आणि झटकन मान बाजूला घेतली, तोंडावर गरम वाफ आल्यासारखी. आपल्या बँडला वर्षभर काय खायला घातलं ते त्याने पहिल्यांदाच चाखलं. बिचारा स्वतःच गेन खाली आणायला लागला. मी मधले सूर वर केले. गेन निम्म्यावर आला तेव्हा गिटारचे सूर एकमेकांपासून सुटे झाले, बोटं ऐकू यायला लागली, आणि आवाज कमी असूनही गिटार आधीपेक्षा मोठी वाटली. ताई गायली. साध्या आवाजात, शिरा न ताणता.

गाणं संपल्यावर मावशी मेथी निवडायची थांबल्या. ओट्यावरून उठून दारात आल्या, हातात मेथीची जुडी तशीच.

‘कुणाचं बोट गेलं?’ त्यांनी विचारलं.

ताईने सांगितलं. तिच्या लाइनवरच्या एका बाईचं. मावशी खाली बसल्या आणि दोघी बराच वेळ बोलल्या. आम्ही तिघं वायरी गुंडाळत राहिलो.

नंतर तीनही अ‍ॅम्प आम्ही तसेच लावून बघितले, आणि त्यांतला कोणता चांगला, हे विचाराल तर खरं सांगतो. ब्रिटिश. निम्म्या गेनवर त्याच्यासारखा मधला सूर बाकी दोघांना नाही. आमचा जुना त्याच्यामागे. मला जुन्यानेच जिंकावं असं वाटत होतं, पण ते झालं नाही. पण त्याच ब्रिटिश अ‍ॅम्पने, बटणं चुकीची असताना, ताईला तितकंच बुडवलं होतं. लोक अ‍ॅम्पवर भांडतात, कारण अ‍ॅम्प विकत मिळतो. बटणावरचा हात कोणी विकत नाही, म्हणून त्याचे व्हिडिओ नाहीत.

लीड नाराज होता. असा टोन घेऊन स्टेजवर उभं राहायला लाज वाटेल, म्हणाला. शेवटी ताईकडे बघून कबूल झाला. बटणांवर पांढऱ्या चिकटपट्टीने खुणा केल्या आणि ठरलं, गंगापूर धरणाकडच्या एका द्राक्षमळ्यातल्या कार्यक्रमात हाच ब्रिटिश अ‍ॅम्प, याच खुणा. डॉक्टरांनीही परवानगी दिली, ओरडणार नसेल तर.

तिथे संध्याकाळी हातात ग्लास घेतलेली माणसं हिरवळीवर उभी होती. पहिलं गाणं नीट झालं. ताईचा शब्द न शब्द मला ऐकू आला. दोन गाण्यांच्या मधे आयोजकांपैकी एक जण स्टेजच्या कडेला आला आणि लीडच्या कानाशी लागला. गिटार मागे पोहोचत नाहीये, जरा जोर दाखवा. मी बघत होतो. लीडने चिकटपट्ट्या ओढून काढल्या, बटणं पूर्ण फिरवली, आणि त्या आयोजकाच्या मदतीने क्रेटांवरची पेटी खाली घेऊन पेटीपुढे पाय रोवून उभा राहिला.

दुसरं गाणं तेच, बोटाचं. ताईने हाताने खूण केली, कमी कर. लीडचे डोळे मिटलेले होते. तिने पुन्हा खूण केली. मी त्याच्याजवळ जाऊन कानात ओरडलो, तर त्याने मान डोलावली, मी शाबासकी देतोय असं समजून. मग ताईने माइक बंद केला, स्टँडवर अडकवला, आणि स्टेजच्या पायरीवर जाऊन बसली. पिशवीतून कोमट पाण्याची बाटली काढून प्यायली.

मी वाजवायचं थांबलो. ड्रमरला ती दिसत नव्हती. समोरची माणसं माना हलवत होती, मुठी वर होत्या. गाणारी गाणं सोडून खाली बसली आहे, हे त्या हिरवळीवर एकाच्याही लक्षात आलं नाही. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जास्त.

नंतर मुलं स्टेजवर चढून लीडभोवती जमली. काय टोन काढतोस भाऊ, अ‍ॅम्प कुठला. ताई अजून त्या पायरीवरच होती. एक जण मोबाइल घेऊन तिच्यापाशी आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, ‘ताई, जरा सरकता का? अ‍ॅम्पचा फोटो येत नाहीये.’

ती सरकली. मी त्या मुलाला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

टेम्पोत सामान चढवताना लीड तिला म्हणाला की एकदा सांगायचं तरी होतंस.

‘दोनदा सांगितलं,’ ताई म्हणाली. हळू, न चिडता. ‘आज मी ओरडले असते तर उद्या लाइनवर मुकी उभी असते, आणि इथे टाळ्या तेवढ्याच पडल्या असत्या. तुला माझी गरज नाही रे. तसं सांग आणि मोकळा हो.’

लीडने ब्रिटिश, अमेरिकन यातलं काय घेतलं असेल? अमेरिकनच. त्यावर त्याने व्हिडिओही केला आहे, खोलीत एकटा बसून. लोक खाली कौतुक करतायत. ताई त्या दिवसापासून बँडमध्ये नाही, आणि मीही नाही. तिच्या गाठी लहान झाल्या आहेत, गेलेल्या नाहीत. ती परत लाइनवर उभी राहते, आणि मशिनवरून हाक जावी म्हणून घरी आल्यावर बोलायचं टाळते. तिला गायचं आहे. मला तिच्यासाठी वाजवायचं आहे. आम्हाला अजून असा गिटारवाला मिळालेला नाही, जो आधी तिचं ऐकेल.

तुमच्यात कोणी गिटार वाजवत असेल, कोणाचा भाऊ वाजवत असेल, कोणी मंडळाचा आवाज सांभाळत असेल, त्याच्यासाठी एवढंच. उद्या तालमीला गेलात की अ‍ॅम्प सुरू करू नका. गाणाऱ्याला मधे उभं करा आणि त्याच्या साध्या आवाजात एक कडवं म्हणायला सांगा, तो सहज म्हणतो तेवढ्याच जोराने. मग बटण फिरवा, आणि तो आवाज बुडायच्या आधी थांबा.